अंग निवेपर्यंत

राजारामपुरीतल्या दवाखान्यात लालासाब गुडघा चोळत नंबरची वाट बघत बसले होते. प्लायवूडच्या आडोशापलीकडून आतल्या बाईला विचारणारा डॉक्टरीणबाईंचा आवाज आला.

“त्यानं जबरदस्ती केली का?”

“न्हाय हो. चाळिशीला आलोय दोघं, हे बांधणं-मारणं ठरवूनच करतोय. दोरी मीच आणलेली. बास म्हटलं की हात थांबतो त्याचा.”

“शनिवारी कसं वाटलं?”

“तरंगल्यागत. वळ उठले तरी दुखंना. आणि आज सोमवारी बँकेत खातेदारासमोर रडू आवरंना. डोकं फिरलं का माझं?”

“डोकं ठीक आहे. मार बसताना शरीर स्वतःच अफूसारखं रसायन सोडतं, जोडीला ॲड्रेनलिन. ते उतरलं की खड्ड्यात पडल्यासारखं होतं. कुणाला लगेच, कुणाला दोन दिवसांनी. नंतर पांघरूण घातलं त्यानं? काही गोड दिलं? जवळ बसला?”

“त्याची पुण्याची गाडी होती. दोरी सोडली आणि गेला.”

“फोन?”

“मीच केले. उचलत न्हाय.”

“घरी कोण असतं?”

“कोण न्हाय. डॉक्टर, अजून पाच मिनिटं हितंच बसू का?”

नंबर लावणारी क्रांती उठली.

“चाचा, तुमचा नंबर. त्यांना बाहेर यायला सांगते.”

“ऱ्हाऊ दे.”

“उशीर होईल तुम्हाला.”

“हुंदे. चाळीस वर्षं तालमीत मालिश केली मी. कुस्ती खेळून आलेल्या गड्याला अंग निवंस्तवर एकटं सोडत न्हाईत. बसू दे की तिला.”