छत चार इंच खाली

...आणि वर मलाच विचारतो, "वर्ना, माझा अर्ध्या इंची पाना कुठे ठेवलास?" मी ठेवला! अहो, अडीच वर्षं झाली होती, त्या गॅरेजात माझी मोटार शिरली नव्हती, बिचारी बाहेर उन्हात उभी राहून तिचा रंग उडाला, कपडे धुवायचं मशीन परसात लिंबाच्या झाडाखाली गेलं, आणि पाना मी ठेवला! सापडला कुठे, विचारा. पावाच्या डब्यात! तुम्हाला सांगते, पावाच्या डब्यात! का, तर म्हणे, "तिथे हरवत नाही." आता यावर काय बोलायचं, तुम्हीच सांगा. मी पाना पुसला, पाव फेकला आणि म्हटलं, "हार्लन, अजून किती दिवस?" तर गाडीखालून आवाज आला, "बस, एवढंच राहिलंय!"

हे 'एवढंच' म्हणजे काय, ते नीट ऐका. हार्लन म्हणजे माझा नवरा. माणूस देवमाणूस, खोटं नाही बोलणार. दिवसभर लोकांचे ट्रॅक्टर दुरुस्त करतो, कुणाला नाही म्हणत नाही. उंची सव्वासहा फूट. माझी पाच, तीही चर्चची टोपी धरून. लग्नाच्या फोटोत मी सफरचंदांच्या खोक्यावर उभी आहे, आणि तरी फोटोत त्याचं डोकं कापलं गेलंय. तर या माणसाला एके दिवशी भंगारवाल्याच्या मागच्या आवारात बत्तीस सालची फोर्ड सापडली. गाडी कसली, गाडीचा सांगाडा! आत कोंबड्या अंडी घालत होत्या. बरोबर होता वेंडेल, आमचा शेजारी, डेअरीत दुधाच्या टाक्या वेल्डिंग करतो, बायको गेल्यापासून जेवायला आमच्याकडेच. दोघं त्या सांगाड्यापुढे टोप्या काढून उभे! चर्चमध्ये कधी इतका वेळ गप्प उभे राहिले नाहीत हो मेले!

मग सुरू झालं. इंजिन आलं दुधाच्या ट्रकचं. गिअरची पेटी कुठल्या तरी मेलेल्या मोटारीची. सीट युद्धातल्या विमानाची, पत्र्याची, भोकाभोकांची, तिच्यावर बसलं की पाठीवर ठिपके उमटतात. आणि राहिलेलं सामान कुठून आलं? माझ्या घरातून! रंग गाळायला काय लागतं? नायलॉनचे पायमोजे! माझी एकुलती एक चांगली जोडी, ईस्टरसाठी जपून ठेवलेली, ती रंगाच्या डब्यावर ताणून बसवलेली! मी किंचाळले, तर वेंडेल म्हणतो, "वहिनी, बघा तरी, एक गुठळी नाही!" आणि थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला काय झालं? दातांचं एक चाक दांड्यावर बसेना. तापवलं की ते जरा फुगतं म्हणे. मग तापवायचं कुठे? माझ्या ओव्हनमध्ये! टर्कीच्या शेजारी! सासूबाई पहिला घास घेऊन म्हणाल्या, "वर्ना, टर्कीला वंगणाचा वास का येतोय गं?" मी काय सांगू? म्हटलं, नवीन मसाला आहे. तेवढ्यात हार्लन उठला, माझे ओव्हनचे मोजे हातात घातले, टर्की बाजूला सारली, चाक काढलं आणि धावत सुटला. जाता जाता म्हणतो कसा, "आई, बस, एवढंच राहिलंय!"

पण खरी गंमत छताची. जुन्या गाड्या कापून-जोडून शर्यतीच्या करतात ना, त्या हॉट रॉडवाल्यांचं एक वेड असतं बघा. चांगली धडधाकट गाडी घ्यायची आणि तिचं छत कापून खाली आणायचं. का? गळतंय का? नाही. वारा लागतो का? नाही. "गाडीची रेष सुंदर दिसते!" कुठली रेष? मला आजवर दिसली नव्हती. तर छत चार इंच खाली घ्यायचं ठरलं. आता छत किती खाली चांगलं दिसतं, हे बघायला हार्लनला वीस फूट लांब, रस्त्याच्या कडेला, एक डोळा मिटून उभं राहावं लागतं. वेंडेल छत टेकू लावून धरणार. मग आत माणूस कोण बसणार? डोकं काचेत कुठे येतं, ते दिसायला नको? "वर्ना, जरा बस ना गं. पाचच मिनिटं."

पाच मिनिटं! अहो, मी त्या गाडीत खोक्यावर बसून वाटाणे सोलले. मोजे शिवले. बहिणीला पत्रं लिहिली. आणि नुसतं बसायचं नाही हं, खालून फर्मानं सुटायची. "क्लच दाब! सोड! दुसरा गिअर टाक! अगं हळू, दुसरा चिवट आहे, आधी स्वतःकडे ओढ, मग वर!" मी ओढते, मी दाबते, मांडीवर वाटाणे. पेडल कुठे बसवायचे? माझा पाय पुरतो तिथे. आरसा कुठे? मला दिसतो तिथे. एकदा मी म्हटलंसुद्धा, "हार्लन, मला तर सगळं अगदी बेतशीर बसतंय." तर तो रस्त्यावरून ओरडला, "बेतशीर ना? मग झालं तर! बस, एवढंच राहिलंय!"

आता तुम्ही म्हणाल, वेडाच आहे, असू दे, कुणाचं काय बिघडलं? बिघडणार होतं हो! सासूबाईंचा थोरला, क्लेमंट, त्याचं नव्या कोऱ्या गाड्यांचं दुकान आहे. केसांना चोपडलेलं तेल, गळ्यात टाय, आणि हसला की सगळे दात बाहेर. चर्चच्या जेवणात, बटाट्याच्या सॅलडपुढे उभा राहून, सगळ्यांच्या देखत म्हणाला, "काय रे हार्लन, तुझं कोंबड्यांचं खुराडं धावणार कधी?" लोक हसले. हार्लनचे कान लाल झाले. नको तेव्हा बोलायची जात! म्हणाला, "सप्टेंबरातल्या कामगार दिनाला, जुन्या विमानतळावर, ही गाडी स्वतःच्या चाकांवर पाव मैल धावून शेवटची रेघ ओलांडेल. नाही ओलांडली तर सगळं भंगारात घालीन आणि दुसऱ्या दिवशी टाय लावून तुझ्या दुकानात विकायला उभा राहीन." क्लेमंटने तिथल्या तिथे पाद्रीसाहेबांना साक्षी धरलं.

त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला. मी कितीही बडबडले ना, तरी खरं सांगते, नखात वंगण नसलेला हार्लन मला नकोय. तो टाय लावून गुळगुळीत हसत लोकांना गाड्या विकतोय, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की मला भांडी घासता घासता रडू यायचं. नवऱ्याला कळू दिलं नाही. कळलं असतं तर अजून चार पाने पावाच्या डब्यात आले असते.

तर तो दिवस उजाडला. छत सगळ्यात शेवटी बसवलं होतं, आदल्या दिवशी, वेल्डिंग करून, पक्कं. त्याआधी हार्लन आत शंभरदा बसला होता. पण तेव्हा वर छतच नव्हतं ना हो! वर मोकळं आभाळ! सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून साहेब बसायला गेले. एक पाय आत. दुसरा पाय आत. मग... मग डोकंच जाईना! मान वाकडी केली, तर गुडघे स्टिअरिंगला अडकले. गुडघे फाकले, तर क्लच दाबेना. वर हनुवटी छातीवर, समोरचं काही दिसेना, दिसतंय काय तर स्वतःचं बक्कल! आणि बाहेर येताही येईना. वेंडेलने पाय धरले, मी पट्टा धरला, तेव्हा कुठे बाहेर आला. वेंडेल बसून बघतो म्हणाला, तर त्याचं पोट दारातच अडलं. अडीच वर्षं माझी टर्की खाल्लेलं पोट!

मी म्हटलं, "अरे, मग छत कापून टाका ना!" दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी पाळण्यातलं मूल विहिरीत टाका म्हटलं. "छत काढायचं? वर्ना... मग रेष?" गळ्यात टायचा फास यायची वेळ, आणि रेष!

मग तो खोक्यावर बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर. मी गाडीत ज्यावर बसून वाटाणे सोलले, तेच खोकं. म्हणाला, "मी तुझं माप घेतलं गं सगळीकडे. माझं घ्यायचं राहिलंच." आणि खरं सांगू? मला आयुष्यात कुणी इतकं नीट मापून काही दिलं नव्हतं. मी एप्रनला हात पुसले आणि म्हटलं, "तू गाडी रेघ ओलांडेल म्हणालास. चालवणार कोण, ते कुठे म्हणालास?"

विमानतळावर अख्खा गाव. क्लेमंट खिशात जास्तीचा टाय घेऊन आलेला, निळा, ठिपक्यांचा, भावाला भेट! मला स्टिअरिंगवर बघून म्हणतो कसा, "वर्ना, किराणा आणायला निघालीस का?" झेंडा पडला. क्लच सोडला, आणि मागे जे काही गरजलं ना, माझी कवळी असती तर पडली असती! दुसरा गिअर, आधी स्वतःकडे, मग वर, बसला! धूर, धूळ, पाठीत ती भोकं रुतताहेत, तोंडाने मी येशू येशू करतेय, आणि तेवढ्यात खडाखडा आवाज, सायलेन्सर सुटला, मागे ठिणग्या! म्हटलं, पड मेल्या, मी नाही थांबत! रेघ गेली, पुढचं कुंपण आलं, तेव्हा कुठे आठवलं की ब्रेकचा सराव कधी केलाच नव्हता. थांबले, कुंपणाच्या जरा पलीकडे.

हार्लन धावत आला. रडत होता लेकाचा, मीही रडत होते. मागून क्लेमंट आला, तोंड एवढंसं. हार्लनने त्याच्या खिशातला टाय काढून घेतला, "थँक्यू भाऊ" म्हणाला आणि त्याच टायने लोंबणारा सायलेन्सर बांधून टाकला. अजून तोच आहे, ठिपक्यांचा.

आता म्हणाल, सुटलीस बाई, गॅरेज मिळालं असेल! मिळालं तर. बरोब्बर नऊ दिवस. दहाव्या दिवशी दुसरा सांगाडा आला. म्हणे, "ती तुझी झाली. ही माझ्या मापाची." या वेळी आत तोच बसतो, खोक्यावर, ताठ. वेंडेल छत धरतो. मग लांब उभं राहून बघणार कोण? मीच! काल उभी राहिले वीस फुटांवर, रस्त्याच्या कडेला, एक डोळा मिटून... आणि तुम्हाला सांगते, दिसली हो मला ती रेष! दिसली! आतून हार्लन ओरडला, "वर्ना, डोकं टेकतंय गं, ठीक आहे ना?" मी म्हटलं, "टेकू दे. अजून दोन इंच खाली घे. बस, एवढंच राहिलंय!"