हानिकारक कुठं लिहिलंय?

...आन वरून मलाच म्हणतो, "मावशी, प्यायच्या आधी वाचायचं ना!" अरं, काय वाचायचं? डबाभर गुलाबी फळं, हिरवी पानं, बर्फाचे खडे, आन अक्षरं म्हणाल तर रांगोळीवरून चिमण्या नाचून गेल्यासारखी! त्यात हानिकारक कुठं लिहिलंय?

तुम्हाला सांगते, मी चौथी पास. राजाबाई नाव माझं, हर्सूलमधी कुणालाबी इचारा, घर दाखवंल... आन पिणारा गडी असला तर घर दाखवून पळून जाईल! कामून? महिला मंडळाची अध्यक्ष हाये मी, दारूबंदीची. आमच्या वस्तीत कायदा हाये, जो पिताना सापडला त्यानं आठ दिवस शाळेचं पटांगण झाडायचं. मग तो कुणाचाबी मेव्हणा असो! कायदा कुणी केला? म्या केला. आन दारू ओळखायची कशी, ते बी समद्या बायांना म्याच शिकवलं. वास घेत बसायचं नाय, बाटली घ्यायची, फिरवायची, 'मद्यपान आरोग्यास हानिकारक' लिहिलंय का बघायचं. लिहिलंय? झाडू हातात द्यायचा. नाय लिहिलं? सोडून द्यायचं. मुंगीएवढ्या अक्षरात छापत्यात हो, तरी 'हानिकारक' हा शब्द मी दहा हातांवरून वाचते. बाकी काय वाचायचं म्हणलं तर चष्मा लागतो.

आता ह्यो ऋतुराज, माझ्या बहिणीचा ल्योक. बहीण ऱ्हाती खुलताबादला, पोरगं माझ्याकडं, कारण वाळूजला कारखान्यात हाये. कसला कारखाना? डब्यांचा. कसले डबे? बिअरचे! हसू नका. आमच्या शहरात बिअर बनती, बिअरचे डबे बनत्यात, आन नळाला पाणी येतं आठव्या दिवशी! तर कंपनीनं ह्याला तीन महिने जपानला धाडलं, डबे शिकायला. आता डब्यात काय शिकायचं असतं, तुम्हीच सांगा? पण गेला, शिकला, आन येताना बॅगभर डबे घेऊन आला. म्या झाडू उचलला. "मावशी, थांब! रिकामे हायेत, नमुने हायेत!" म्हणला, आन ओट्यावर वळीनं मांडले, शाळेत प्रार्थनेला उंचीनं उभे करत्यात ना, तसे.

"ह्यो बघ जपान, साडेतीनशे मिली. ह्यो अमेरिका, तीनशे पंचावन्न. ह्यो ऑस्ट्रेलिया, तीनशे पंच्याहत्तर. ह्यो इंग्लंड, चारशे चाळीस. ह्यो जर्मनी, पाचशे."

म्हणलं, "अमेरिकेनं जपानपेक्षा पाच मिली कामून वाढवलं रे? चव बघायला?"

"त्यांचं माप औंसात असतं मावशी."

"आन हे चिंटुकलं कोण?"

"ते बी जपानच. एकशे पस्तीस."

एकशे पस्तीस! अहो, बाळाच्या पोटदुखीची बाटली ह्याच्याहून मोठी असती! एवढी दारू कुणाला चढायची, मुंगळ्याला? समद्या जगाला एक माप ठरवता येईना, आन निघाले प्यायला!

बरं, ते रिकामे होते, म्या सोडून दिलं. पण जर्मनीचा एक निघाला भरलेला. रविवारी दुपारी मी दळण टाकून आले, तर ह्यो ओट्याशी उभा, फस्स! आन तोंडाला फेस. डबा हिसकावला. बी, आय, ई, आर... एवढी एबीसीडी येती मला. म्हणलं, "बिअर!"

"मावशी, पण शून्य लिहिलंय ना! हे बघ, शून्य पॉइंट शून्य. ह्यात दारूच नाय!"

"शून्य मार्क पडले आसतील त्याला! आन बिअर म्हणलं की हानिकारक आलंच! बिअर लिहिलंय का नाय?"

"लिहिलंय, पण..."

"स्पेलिंग बी चुकवलंय, पकडलं जाऊ नये म्हणून! लिहिलंय ना? संपलं!"

आठ दिवस झाडलं पोरानं पटांगण. जपान रिटर्न पोरगं, गळ्यात कंपनीचं कार्ड, हातात खराटा. येणारी जाणारी लेकरं "गुड मॉर्निंग सर" म्हणायची. सख्खा भाचा असला म्हणून काय झालं? कायदा म्हंजे कायदा!

आता तो दिवस ऐका. मे महिना, पाण्याचा सातवा दिवस, माठ कोरडा, ड्रमच्या तळाशी गाळ. चार वाजता विहारात मोठी बैठक. कशाची? आमच्या अप्परावची! ह्या अप्परावनं शाळेच्या वळणावर गाळा घेतलेला, बिअर शॉपी टाकायला. शाळेच्या वळणावर! त्याला बोलवून घेतलं होतं, समोरासमोर. मी औरंगपुऱ्यातून निवेदन टाइप करून आणलं, भर उन्हात, रिक्षात सहा माणसं, सातवी मी. घरी आले तर जीभ टाळूला चिकटलेली. फ्रिज उघडला... आन दह्याच्या पातेल्यामागं गुलाबी डबा! थंडगार. वरती फळ, सफरचंदासारखं पण लाजलेलं. मी काय येडी हाये का? आधी फिरवून फिरवून बघितला. हानिकारक कुठं लिहिलंय? कुठंच नाय! वर बी नाय, खाली बी नाय. मग म्या प्याले. गोड! गार! नाकात गुदगुल्या! म्हणलं, जपानची लोकं लई गुणाची, रस किती ताजा ठिवत्यात... समदा संपवला.

विहारात गेले. आधी पंचशील घेतलं. पाचवं शील मादक पदार्थाचं, ते म्या अशा आवाजात म्हणलं की छपरावरची कबुतरं उडाली! मग कानशिलं गरम व्हायला लागली. मला वाटलं, चळवळीची ऊब हाये. शेजारी वच्छलाबाई. दोन वर्षं बोलत नव्हतो आम्ही, तिनं नळाला मोटर लावली म्हणून. तिच्याकडं बघितलं तर इतकी देखणी दिसाया लागली बाई! म्या तिचा गालगुच्चाच घेतला. "वच्छला, लाव गं मोटर! तुझ्याहून पाणी जास्त हाये का?" ती रडायला लागली.

मग अप्पराव उभा ऱ्हायला. मी निवेदन वाचणार, तर अक्षरं हलायलेत. फेकलं निवेदन! गेले अन् त्याचे दोन्ही हात धरले. "अप्पराव, दुसरीत तू माझ्या शेजारी बसायचास. माझी पाटी थुंकी लावून पुसायचास. किती गोड होतास रे! तुझ्या लेकीनं त्या वळणावरून शाळंत जावं आन गड्यांनी बघावं व्हय?" आन माझ्या डोळ्यातून धारा! आता राजाबाई रडती हे हर्सूलनं कधी बघितलं नव्हतं. अप्पराव बी रडला. "राजाबाई, नाय टाकत बिअर शॉपी! वह्या-पुस्तकांचं दुकान टाकतो!" टाळ्याच टाळ्या!

तरंगत घरी आले. ऋतुराज फ्रिजमधी डोकं घालून उभा. "मावशी... इथं एक डबा होता. साहेबासाठी लपवून ठेवलेला."

"तो रस व्हय? लई ग्वाड होता."

"मावशी, त्यात नऊ टक्के होतं! आपल्या साध्या बिअरच्या दुप्पट!"

"हानिकारक कुठं लिहिलंय?"

"हे बघ, ह्या गोल टिकलीत दारू लिहिलंय. जपानीत. आन झाकणावर हे ठिपके, बोट फिरव... आंधळ्या माणसाला कळावं म्हणून, तिथंबी दारूच लिहिलंय."

म्हंजे बघा! जपानच्या आंधळ्याला कळतं, आन हर्सूलच्या डोळस अध्यक्षाला कळंना! आन ज्याच्यात शून्य होतं, त्याच्यापायी ह्या लेकराला म्या आठ दिवस झाडायला लावलं.

झोप कुठली येती? पाचवं शील नकळत मोडलं. आता गप बसले तर चौथं, खोटं न बोलायचं, ते जाणूनबुजून मोडायचं? आन खरं सांगितलं तर अप्पराव म्हणंल, अध्यक्षच पिऊन आली होती, कसला शब्द नि कसलं काय! दुसऱ्या दिवशी शॉपीचा बोर्ड लागंल. पण आमचा कायदा म्हंजे कायदा. रविवारी विहारात उभी ऱ्हायले, अप्पराव मागंच बसलेला, आन समदं सांगितलं. डबा, रस, नऊ टक्के, समदं. "मी प्याले. भाचा निर्दोष हाये. उद्यापासून मी झाडते."

तर बायांनी डोळ्याला पदरच लावले! "माय माय, भाच्याचा गुन्हा अंगावर घेती!" अप्परावनं तर हात जोडले! म्हणलं, अगं खरं सांगायले मी, हा घ्या पुरावा! डबा पुढं केला. वच्छलाबाईनं घेतला. चष्मा लावला. म्या शिकवलं होतं तसा वरून खालून, गोल गोल फिरवला, झाकण बघितलं, बूड बघितलं, आन माझ्या हातात परत दिला.

"राजाबाई," म्हणती कशी, "हानिकारक कुठं लिहिलंय?"

...बसले खाली. काय करता! कायदा म्याच केलेला.