काडतुसाचा भाव

यवतमाळात बंदुकीच्या दुकानी रांगेत उभा होतो. माझ्यापुढं घाटंजीकडचा रहमत, गल्ल्यावर चारुदत्तशेठ.

“शेठ, पाच काडतुसं द्या. रानडुकरं कपाशीत घुसून राह्यले.”

“वापरलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या दाखव. त्याबिगर नवी मिळत नाई.”

“कुठून आणू? गेल्या महिन्यात भरलेलीच इकली. तुमच्याच माणसानं तिप्पट भाव देल्ला.”

“टंचाई होती, भाव आला, तू इकली. कोणी जबरदस्ती केली?”

“मंग तीच वापस द्या.”

“आता सहापट पडतील, बिनपावतीची.”

“माह्यीच काडतुसं, सहापट?”

“बाजार हाय, रहमत. राखणीले बायको बसते ना? तिले सांग, वावरातल्या माळ्यावरून खाली उतरू नको.”

“ते कालच उतरली, शेठ. डुकरानं मांडी फाडली, दवाखान्यात हाय. आज माळ्यावर पोरगी बसली हाय.”

“सहापटच पडतील.”