एर्सिलियाचा झगा

—अगं हलू नकोस म्हटलं ना, टाचणी लागेल! बोलूही नकोस, बोललीस की कंबर फुगते. मीच बोलते. दिग्दर्शकसाहेब काय म्हणाले, ऐकलंस? म्हणे, एर्सिलिया, गरिबाची नवरी आहे, झग्याची कड जरा फाड. फाड! आमच्या क्वाद्रारोच्या कामकरी वस्तीत फाटक्या झग्यातली एक नवरी दाखवा मला — महिनाभर नुसता पाव नि कांदा खाऊ, पण चर्चच्या पायरीवर झगा कसा, कडक इस्त्रीचा! पण पडद्यावरच्या गरिबाला फाटकंच लागतं ना. — स्टुडिओचा? छे गं, माझा आहे हा. मीच शिवला, माझ्यासाठी, लढाई संपली त्या वर्षी. सात वर्षं झाली. नाझ्झारेनो म्हणायचा, खोली मिळू दे, की लगेच लग्न. — हो, तोच. तुझा सिनेमातला नवरा. गिलावा करतो तो, दुसऱ्यांच्या खोल्यांना. साहेबांना नट नको होता, खरा कामकरी चेहरा हवा होता, तर मीच त्याला आणून उभं केलं. आणि झगाही मीच विकला इथल्या कपडेखात्याला — म्हटलं, खोलीच्या अनामतीला तेवढीच भर. थांब, इथे दोन बोटं आत घ्यायला हवं. माझी कंबर काही एवढी बारीक नव्हती.

काल दाराआडून बघितलं मी तुमचं. तुझा हात धरून म्हणाला, ताईच्या घरात मधे पडदा लावून राहू, पण लग्न याच रविवारी. लिहून दिलेलं वाक्य आहे, मला काय कळत नाही? पण डोळ्यांत पाणी आलं गं त्याच्या — ते काय लिहून दिलं होतं? पडद्याचं मी चारदा सुचवलं त्याला. तर म्हणे, मला शोभत नाही असलं, लोक काय म्हणतील! मला शोभत नाही. तुझ्याबरोबर शोभतं.

जळत नाही हं मी. मुळीच नाही. — लागलं? चुकून लागलं. नवा टाय घेतलाय त्याने, निळा. सिनेमात तर टाय नाहीच त्याला... काल तुला ट्रामपर्यंत सोडायला आला होता, हो ना? नुसती मान हलव. — घरापर्यंत? बरं. बरं. मग वाटेत काय म्हणाला माझ्याबद्दल? — काहीच नाही? नावसुद्धा नाही? — म्हणजे त्याचं लग्न ठरलंय, हे तुला आत्ता माझ्याकडून कळतंय?

बाहीने डोळे पुसू नकोस, डाग पडेल. झालं माझं. जा, हाका मारतायत. — जा म्हटलं ना, नवरदेव खोळंबलाय.