आईच्या नावाची प्लेट

माझं माहेर यवतच्या पलीकडं, कालव्याच्या अंगाला वस्ती हाय तिथलं. आज्ज्याची मेंढरं होती, बापाच्या काळात कालव्याचं पाणी आलं तवा मेंढरं गेली आन् ऊस आला, तरी लोकं आम्हाला मेंढक्याचीच म्हणायची, आन् काय सांगू तुम्हाला, मला त्याचं कधी वाईट वाटलं न्हाई. मेंढरामागं हिंडलेला माणूस कुणापुढं वाकत न्हाई, माझा बाप तसाच होता आन् मी बी त्याच्यावरच गेले म्हणतात. माझं अक्षर चांगलं होतं, शाळेतले मास्तर फळ्यावरचा सुविचार मलाच लिहाया लावायचे. दहावीला गणितात गेले, दोन-तीन वर्सं शेतात राबले, मग शिरूरला दिली.

आमचे हे, मी अजून नाव घेत न्हाई त्यांचं, पुण्याला एका प्रेसमधी मशीनवर होते. तिथल्या मालकानं जुनं मिनी ऑफसेट मशीन इकाया काढलं तवा ह्यांनी ते उचललं आन् शिरूरला एसटी स्टँडच्या मागं गाळा घेतला. मिनी ऑफसेट म्हंजी लई मोठं न्हाई, पिठाच्या गिरणीएवढं धरा. त्याच्यावर ढाब्यांची बिलबुकं छापायचो, कारेगावच्या मेसची कुपनं, कंपन्यांच्या गेटपासची पुस्तकं, आन् लग्नसराईत पत्रिका. मी सुरवातीला नुसती पुस्तकांवर नंबर मारायचे, डिंक लावायचे. मग हळूहळू शाईत हात गेला. हे म्हणायचे, तुझ्या हाताला मशीन कळतंय, माझ्यापेक्षा तुझं ऐकतंय ते.

आता प्लेटचं सांगते, कारण सगळं रामायण त्या प्लेटवरनंच झालं. छापायचं म्हंजी आधी मजकुराची प्लेट पाहिजे, ती मशीनच्या रुळाला गुंडाळायची, तिच्यावरनं पाणी बी फिरतं आन् शाई बी फिरती, अक्षर हाय तिथं शाई धरती, मोकळं हाय तिथं पाणी बसतं आन् शाईला बसू देत न्हाई. एवढीच अक्कल हाय त्यात. पण ती प्लेट तवा पुण्यात व्हायची. मजकूर टाईप करून घ्या, फिल्म काढा, फिल्मवरनं पत्र्याची प्लेट करून घ्या, एसटीनं जाण्या-येण्यात दिवस मोडायचा, आन् घरी येऊन बघावं तर नवरदेवाच्या नावाची वेलांटी चुकलेली, की परत पुणं. पुढं शिरूरातच एक प्लेट करून देणारे आले, सगळे त्यांना काका म्हणायचे, मग ती पायपीट थांबली. सगळ्या प्रेसवाल्यांच्या प्लेटा काकांकडंच.

अश्विनी, माझी पोरगी, बारावीला होती तवा हे गेले. सकाळी चहा पिऊन गेटपासची पुस्तकं द्यायला निघाले, रस्त्यातच छातीत दुखलं, दवाखान्याच्या दारापत्तूर नेलं आन् तिथंच संपलं. तेरावा झाल्यावर माझे थोरले दीर आले, त्यांना आप्पा म्हणतात, भावकीत त्यांचा शब्द चालतो. म्हणाले, मशीन इकून टाकू, बाईमाणसानं गाळ्यात बसून शाईत हात घालावा हे बरं दिसत न्हाई. म्या म्हणलं, आप्पा, हात तर कवाचा शाईतच हाय, आता काढला तर उलट जास्त काळा दिसंल. ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी म्या गाळ्याचं शटर वर केलं.

कागदवाल्यांचा एक माणूस पुण्याहून यायचा, दोन-एक वर्सांनी त्यानं मला लेझर प्लेट दाखवली. पातळ प्लास्टिकचा पांढरा तक्ता, म्हणाला, वहिनी, हा आपल्या साध्या लेझर प्रिंटरमधी कागदासारखा घाला, मजकूर त्याच्यावर उमटतो, आन् हीच प्लेट, थेट मशीनला लावा. फिल्म न्हाई, पत्रा न्हाई. मला खरंच वाटंना. अश्विनी कॉम्प्युटर शिकली होती, आम्ही मायलेकींनी बसून पहिली प्लेट काढली आन् आमचं डोकं बघा, शिक्क्यावर अक्षरं उलटी असतात म्हणून आम्ही मजकूर उलटा करून काढला. छापून बघते तर समदी कुपनं उलटी. हितं प्लेट सुलटीच लागती, मधी रबराचा रूळ असतो तो तिला उलटी-सुलटी करून घेतो, हे कागद वाया गेल्यावर कळलं. दुसऱ्या प्लेटची अक्षरं अंगठ्यानं पुसली की निघायची. म्हणलं गरम केली की बसतील, तर इस्त्री फिरवली, ती पापडासारखी वाकडी झाली. मग प्रिंटरला सांगून बघितलं की कागद जाड हाय, तवा तो सावकाश चालाया लागला, प्रिंटरची काळी पावडर नीट भाजून बसाया लागली आन् अक्षर हलंना. पाणी किती द्यायचं ते तर कुणी सांगून कळत न्हाई, कमी झालं की सगळा कागद मळकट, जास्त झालं की अक्षर फिकं. महिनाभर नुसतं पाणीच शिकले मी. पण त्यानंतर बिलबुकं, कुपनं, समदं माझ्या प्लेटवर. लग्नपत्रिकेची नाजूक नक्षी असायची म्हणून तेवढं काम मातर काकांकडंच द्यायचे.

आन् मग अश्विनीचं लगीन ठरलं. पोरगा दौंडकडचा, कुरकुंभला औषधाच्या कंपनीत शिफ्टला जातो, शांत पोरगं हाय. सुपारी फुटली, तारीख धरली, आन् आप्पा पत्रिकेचा मजकूर स्वतः लिहून घेऊन आले. वाचला म्या. निमंत्रक म्हणून आप्पा, त्यांची पोरं, पुतणे, झाडून समदी भावकी. पोरीच्या नावाखाली कैलासवासी म्हणून ह्यांचं नाव. माझं नाव कुठंच न्हाई. म्या विचारलं, आप्पा, माझं राहिलं का. ते म्हणाले, राहिलं न्हाई, ठेवलं न्हाई, शुभ कार्याचा कागद हाय तो, तुझं नाव कसं घालायचं, तुला समजत न्हाई का. असं सरळ म्हणाले, माझ्या पोरीच्या देखत.

मी समदी सराई दुसऱ्यांच्या पत्रिका छापत आले होते हो. कितीतरी विधवा बायांच्या पोरी माझ्या हातनं लग्नाला गेल्या, आन् त्यांच्या नावाची जागा मोकळी होती हे मला कधी दिसलंच न्हाई. त्या दिवशी दिसलं. म्या म्हणलं, आप्पा, पोरगी माझ्या पोटची हाय, निमंत्रण मी देणार. तुमचं नाव बी घालते, खाली, पोरीचे चुलते म्हणून. पण वरती माझं.

आप्पा चप्पल घालून निघून गेले. मी माझं नाव घातलेला मजकूर घेऊन प्लेटवाल्या काकांकडं गेले तर काका माझ्याकडं बघंनात. म्हणाले, वहिनी, तुमचे दीर येऊन गेले, मला तुमच्या भावकीत ओढू नका, मला हितंच धंदा करायचाय. म्या म्हणलं, काका, मी तुम्हाला भांडाया लावत न्हाई, नुसती प्लेट मागती. ते म्हणाले, जमणार न्हाई.

घरी आले तर अश्विनी रडती. आई, राहू दे ना, नावानं काय होतंय, उद्या तिकडची लोकं बिथरली तर. मला राग आला, पण पोरीचं बी खोटं नव्हतं, लगीन तिचं होतं. म्या तिला म्हणलं, अश्विनी, लगीन मोडलं तर त्याचं पाप मी माझ्या डोक्यावर घेते, पण ज्या घराला आईचं नाव खपत न्हाई त्या घरात तू जायच्या आधी मला ते कळलेलं बरं. तिनं उठून तोंड धुतलं आन् कॉम्प्युटर लावला. स्वतःच्या लग्नाची पत्रिका स्वतः टाईप केली पोरीनं. माझ्या नावाआधी श्रीमती लिहिलं आन् मला विचारलं, आई, अक्षर मोठं ठेवू का. म्या म्हणलं, आप्पाच्या नावाएवढंच ठेव, मोठं बी नको आन् बारीक बी नको.

नक्षी लेझर प्लेटवर नीट येईना, काळा भाग मोठा असला की मधी मधी पोकळ राहातो. मग नक्षीच काढून टाकली. गणपती छापलेली कोरी कार्डं पुण्यातनं आणली आन् त्यावर नुसती अक्षरं घ्यायची ठरवलं, लाल शाईत. पहिलं कार्ड निघालं तर माझ्या नावाच्या बरोबर वर एक बारका लाल ठिपका. प्लेटवर पावडरचा कण बसला होता. अश्विनी म्हणाली, राहू दे आई, टिकलीसारखा दिसतोय. म्या मशीन थांबवलं आन् खोडरबरानं तो कण काढला. म्हणलं, टिकली कशाला, नाव पुरं हाय. मग सगळी कार्डं एका बैठकीत काढली, ती वाळत घातली तर गाळ्यात पाय ठेवाया जागा नव्हती.

आप्पांनी बी हार मानली न्हाई. त्यांनी पुण्याहून दुसरी पत्रिका छापून आणली, त्यांच्या मजकुराची, सोनेरी. एकाच लग्नाच्या दोन पत्रिका गावात फिराया लागल्या. लोकं फोन करून विचारायची, लगीन एकच हाय ना. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. म्या सगळ्यांना सांगितलं, तारीख, वेळ, कार्यालय सारखंच हाय, जी आवडंल ती घेऊन या.

मग एक दिवस व्याही आले गाळ्यात. दौंडला रेल्वेत होते, आता रिटायर, बोलणं कमी. दोन्ही पत्रिका टेबलावर ठेवल्या. म्हणाले, इहीणबाई, यातली खरी कुठली. म्या म्हणलं, खोटी कुठलीच न्हाई, पण ही आईनं छापली. त्यांनी दोन्ही उलटून-पालटून बघितल्या. मशीन कसं चालतं ते विचारलं, प्लेट हातात घेऊन उजेडात धरली. मग म्हणाले, आमच्या बाजूची पत्रिका छापायची राहिलीय, ती तुम्हीच छापा. आन् निमंत्रकात माझ्या नावाशेजारी आमच्या मंडळींचं नाव घाला. ती जिवंत हाय, धडधाकट हाय, तीन पोरांची लग्नं झाली तरी तिचं नाव कुठं आलं न्हाई, हे मला तुमची पत्रिका बघून कळलं. म्या नाव विचारलं. त्यांनी सांगितलं आन् माणूस जरा लाजला.

लगीन झालं. कन्यादानाला माझा भाऊ-भावजय बसली, आन् शेजारी मी बसले, उठा म्हणाया कुणी आलं न्हाई. आप्पा मांडवात आले न्हाईत. जाऊबाई आल्या, त्यांच्या पाकिटात माझी पत्रिका होती, दाखवली मला हळूच. आप्पा अजून बोलत न्हाईत माझ्याशी. भावकीतली कामं बंद झाली, सोसायटीच्या पावत्या दुसऱ्याकडं गेल्या. जाऊ द्या. त्याचं मला जड गेलं, न्हाई असं न्हाई, पण पस्तावा म्हणाल तर एका दिवसाचा न्हाई.

आता लोकं मोबाईलवरच पत्रिका धाडतात, रंगीत छापणारी दुकानं बी झाली, माझं मशीन जुनं झालं, पाठ माझी बी जुनी झाली. पण पत्रिका छापाया कुणी आलं की मजकूर वाचायच्या आधी मी विचारते, पोरीच्या आईचं नाव काय. सुरवातीला दोघं-तिघं उठून गेले, मी अडवलं न्हाई. बाकीचे थांबतात, डोकं खाजवतात, घरी फोन लावतात. गेल्या सराईत न्हावऱ्याकडची एक बाई एकटीच आली, नवरा जाऊन दहा वर्सं झालेली, कागदावर स्वतःचं नाव लिहून आणलं होतं, म्हणाली, तुम्ही छापता असं ऐकलं. म्या म्हणलं, छापते.

तुमच्या घरात कार्य निघालं तर तुम्ही बी या. आईचं नाव नीट लिहून आणा, वेलांटी-उकार मी बघून घेईन. पोरीबाळी सुखात नांदोत, एवढंच मागणं हाय माझं.