एकदम बढ़िया

मला कसा आहेस म्हणून विचारू नका, फसाल. तोंडातून 'एकदम बढ़िया' आपोआप निघतं. आमचं अख्खं घर नोकरीवाल्यांचं. मी नोकरी सोडून मिठाईच्या डब्यांचा कारखाना काढला, तेव्हा सगळे नको म्हणत होते. आता धंदा पार बसलाय हे सांगू कोणाला?

परवा छातीत फार धडधडायला लागलं, म्हणून किला गेट भागातल्या डॉक्टरांकडे गेलो.

"क्या तकलीफ़ है?"

"कुछ नहीं, एकदम बढ़िया!"

"तो फिर आए क्यों?"

मी छातीकडे बोट दाखवलं. त्यांनी दंडाला पट्टा बांधून बीपी घेतलं, आठ्या घातल्या आणि म्हणाले, "शांत बैठिए, एक बार और लेते हैं."

तेवढ्यात दादाचा फोन. "काय रे, कारखाना कसा चाललाय?"

"एकदम बढ़िया, दादा! ऑर्डरी पुऱ्या करता येत नाहीयेत."

दादाने खूश होऊन फोन ठेवला. डॉक्टरांनी मशीन माझ्याकडे वळवलं. आकडा मघापेक्षा वर गेला होता.

"भैया को तो समझा दिया," ते म्हणाले, "इसे कैसे समझाओगे?"

खरं सांगू? बरं वाटलं. कोणाला तरी कळलं, मशीनला का असेना.