खिम्याचं मशीन

नवीन पनवेलच्या भांड्यांच्या दुकानात रेवा कुकरची रिंग घ्यायला आली, तर तिच्यापुढे सखूबाई आणि पूर्वी, त्यांची सून, खिम्याचं मशीन बघत होत्या.

"आई, इलेक्ट्रिकचं घ्या. बटण दाबलं की झालं."

"नको गो. यो लोखंडाचाच बरा. जल्मभर टिकंल."

"फिरवून हात भरून येईल तुमचा."

"येव दे. तुज्या सासऱ्याला मटान लागतंच, नि तोंडात दात नाय एक पन."

"मग कवळी करू ना बाबांना."

"नको बोलतो. खोटं दात नको त्याला."

"मग तुम्हीही खिमाच खा. तुमचे पुढचे दोन कुठे आहेत?"

"माजं पडलं नाय गो. पाडलं."

"कोणी?"

"त्यानंच. मी नवी नवरी व्हते. मटान जरा कच्चं राह्यलं."

रेवाने हातातली रिंग काउंटरवर ठेवून दिली.

"आणि त्यांच्यासाठी तुम्ही हे फिरवणार, आई?"

"मंग कोन फिरवनार? ओ भाऊ, याचा दांडा निगतो का?"

"निघतो मावशी. धुवायला सोपं."

"धुवायला नाय रे. त्याच्या हाती लागंल असं जड काय मी अजून भायेर ठेवत नाय."